ब्लाउजवाल्या आपांचा ऊद

आपा रोज सकाळी अंघोळ झाली की निखाऱ्यावर ऊद टाकायच्या, वेताच्या पालथ्या टोपलीवर ओढणी पसरायच्या आणि ओले केस त्या धुरावर धरून पेपर वाचत बसायच्या. देवापुढे जाळतात तो ऊद नव्हे. हा अगरूच्या लाकडाचा, काळपट ढलप्यांचा. त्यांचा भाऊ मस्कतहून पाठवायचा. नखाएवढी ढलपी दिवसभर पुरायची.

आपा येरवड्याला घरातच ब्लाउज शिवत. चौदा वर्षं माझे ब्लाउज त्यांनीच शिवले. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सुगंधाचं कौतुक केलं, तर गळ्यात टेप अडकवत म्हणाल्या, "शौक नाही वहिनी, धंदा आहे. माप घेताना मी बायकांच्या इतकी जवळ जाते, की नवराही आधी विचारत असेल. घामाचा वास घेऊन कसं जायचं?"

जीभ अस्सल पुण्याची. एका बाईंनी ब्लाउज घट्ट झाल्याची तक्रार केली. आपा म्हणाल्या, "ब्लाउज होता तेवढाच आहे. बाकी काय बदललं ते आरशात बघा." त्या बाई पुढच्या महिन्यात चार ब्लाउज घेऊन आल्या.

दोन वर्षांपूर्वी ऊद दुपारीही पेटू लागला, मग संध्याकाळीही. आपा ढगळ कुर्ते घालू लागल्या. डावा हात अंगालगत धरायच्या आणि माप घेताना टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात द्यायच्या. मी चेष्टा केली, "आपा, दुसरं लग्न ठरलंय की काय?"

"ठरलंय," त्या हसून म्हणाल्या. "मुलगा न्यायला कधी येतो, तेवढं कळत नाही."

मीही हसले.

मग एका दुपारी न कळवताच गेले. मस्कतचं पार्सल आलं नव्हतं, धूपदाणी थंड होती. खांद्याला टाचणी लावायला आपा वाकल्या आणि मला वास आला. घामाचा नव्हता. काहीतरी कुजल्याचा होता.

"आपा, काय झालंय?"

त्यांनी दार लावलं आणि कुर्त्याची बटणं काढली. डाव्या छातीवर जखम होती, त्यावर अस्तराच्या कापडाच्या घड्या.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"नसरीनला माहीत आहे?" नसरीन त्यांची मुलगी. हिंजवडीला नोकरी, सकाळी कंपनीची बस पकडायची ती अंधार पडल्यावर घरी.

"तिला वाटतं, आई म्हातारपणी नटायला लागली."

मी चिडले, नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या अम्मीला हेच होतं. कापलं, औषधं केली, तरी गेली. शेवटी शेवटी तिचं ताट आम्ही दारातूनच आत सरकवायचो. मीसुद्धा."

त्याच संध्याकाळी मी नसरीनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना. आजार फुप्फुसांपर्यंत पोहोचला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी का नाही आलात?"

"आधी आले असते तर काय वेगळं सांगितलं असतंत?"

"बरंच काही," त्या म्हणाल्या.



धाप लागू लागली तसा डॉक्टरीणबाईंनी ऊद बंद करायला सांगितला. नसरीन रजा घेऊन घरी राहिली. ती दोन वेळा जखम धुवायची, पट्ट्या बदलायची. तरी वास जात नव्हता.

आपा गेल्या त्याच्या आठ दिवस आधी मी शेवटची भेटले. खुर्ची पलंगाला लावून बसले.

"वहिनी, थोडं लांब बसा."

"मी इथे ठीक आहे," मी म्हणाले. अगदी ठासून म्हणाले. नसरीनच्या लग्नाविषयी बोलत होतो. बोलता बोलता माझी खुर्ची खिडकीकडे सरकली. हातभरच. मी सरकवली हे मला सरकल्यावर कळलं. आपांनी पाहिलं होतं.

"हो, तिथंच बसा," त्या म्हणाल्या. "तिथं वारा चांगला येतो."

खिडकी बंद होती.