इंटर सायन्स पास

कॅन्सरच्या पेशंटला कोबाल्टच्या मशिनखाली निजवून जाड दार ओढून घेतलं की गायकवाड बाई माइकवर स्वयंपाक सांगायला लागत. आत पेशंट एकटा, त्याने दोन-तीन मिनिटं बोटसुद्धा हलवायचं नाही. बाहेर काचेपलीकडे बाई टायमरवर नजर ठेवून म्हणत, "बोलू नका, नुसतं ऐका. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकलीत. आता खोबरं भाजायला घेते." वेळ संपली की, "बाकीचं उद्या." तीस-तीस दिवस रोज यावं लागणारी माणसं ती. काही जण दुसऱ्या दिवशी टेबलावर चढतानाच म्हणत, "बाई, काल मसाला वाटायचा राहिला." घशाच्या पेशंटपुढे मात्र त्या खाण्याचं अक्षर काढत नसत. त्यांना त्या सकाळी कळव्याच्या पुलावरून येताना कोण कोण दिसलं ते सांगत.

ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, नव्वदच्या आसपास, मी रेडिएशन विभागात नोंदणीच्या टेबलावर लागले. डोंबिवलीची, बारावी सायन्स, मेडिकल हुकलेलं, आणि घरी बसून रडत होते म्हणून बाबांनी ओळखीने चिकटवलेली. बाई तेव्हा सदतीस-अडतीस वर्षांच्या असतील. पंधरा वर्षं त्या मशिन चालवत होत्या. विभाग सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हाताखाली घेऊन शिकवलं होतं, पुढे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी शिकवलं, आणि शिकून ते मोठ्या हॉस्पिटलांत गेले. पेशंटच्या अंगावर किरण कुठे पडायचे त्याच्या रेघा त्या जांभळ्या शाईने एका झटक्यात, सरळ काढत. "रेघ तुम्ही सांभाळा, बाकी मी सांभाळते," हे त्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य ठरलेलं. आंघोळीत रेघ पुसून आलेल्या माणसावर त्या खरोखर चिडत आणि मग स्वतःच खाली बसून नव्याने मापं घेत.

एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याला टेबलावर घेतलं आणि कागद वाचून थांबल्या. कागदावर उजवं फुप्फुस होतं, फिल्मवर गाठ डावीकडे. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर ओपीडी सोडून आले ते वैतागूनच.

"बाई, तुम्ही ऑपरेटर आहात. लिहिलंय ते द्या."

"नाही देणार, सर. बटणावर बोट माझं आहे."

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, बराच वेळ धरली. मग खिशातलं पेन काढून कागदावरचा शब्द खोडला, दुसरा लिहिला आणि निघून गेले. बाईंनी माइक ओढला आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, जरा उशीर झाला. आज डाळ करूया."

त्याच वर्षी विद्यापीठाने रेडिएशन थेरपीची पदवी सुरू केली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याच सुमाराला सरकारी पत्रही आलं, की यापुढे हळूहळू अशी मशिनं पदवी किंवा पदविका असलेल्या माणसांनीच चालवायची. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि डॉक्टरांकडे गेल्या. प्रवेशाला पंचविशीची वयोमर्यादा होती, पण एखाद्या हॉस्पिटलने आपला माणूस पाठवला तर ती माफ होती. अशा माणसाला गुणांची यादीही आड येत नसे, पण प्रत्येक हॉस्पिटलला एकच माणूस पाठवता येई. डॉक्टर म्हणाले, "तुमच्याशिवाय कोणाला पाठवणार? कागद तयार ठेवा."

कागदांपाशीच घोडं अडलं. बाई जुन्या पद्धतीच्या. अकरावी मॅट्रिक, पुढे कल्याणच्या कॉलेजातून इंटर सायन्स. म्हणजे बारावीपेक्षा एक वर्ष जास्तच. पण फॉर्मवर चौकोन होता बारावीचा.

"बारावीचं मार्कशीट जोडा," विद्यापीठाच्या खिडकीतला क्लार्क म्हणाला.

"आमच्या वेळी बारावी नव्हती. इंटर आहे."

"फॉर्मवर इंटर नाही ना मॅडम, मी काय करू? समकक्षता प्रमाणपत्र आणा."

त्या कागदासाठी आधी कल्याणच्या कॉलेजातून जुना दाखला हवा होता. एका शनिवारी अर्धी रजा टाकून मीही त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या कारकुनाने जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत, शिपाई रजेवर आहे, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला, शिडी लावली आणि वर चढल्या. दीड तासाने केसांत जळमटं घेऊन उतरल्या तेव्हा रजिस्टर त्यांच्या कडेवर होतं, लेकरू धरावं तसं. त्यांनी बोट ठेवून मला नाव दाखवलं, "हे बघ. इंटर सायन्स पास. फिजिक्सला वर्गात दुसरी." बाईंचा नवरा ज्या कंपनीत होता ती तेव्हा बंद पडली होती, दोन मुली शाळेत होत्या. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "वृंदा, मी कॉलेज सोडलेलं ना, तेव्हा सगळे म्हणालेले, एवढं शिकलीस ते पुष्कळ झालं. कुणाला पुष्कळ झालं, हे कोणी सांगितलं नाही."

या पदवीचा फॉर्म मीही भरला होता. खुल्या यादीत माझे गुण कमी पडणार हे दिसत होतं, तरी भरला. बाईंना त्याचा आनंदच झाला. दर रविवारी त्यांनी मला कळव्याला घरी बोलावलं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चटईवर आम्ही दोघी. कोबाल्ट म्हणजे काय, तो दर महिन्याला कसा कमजोर होत जातो, मग तेवढे सेकंद का वाढवायचे, किरण अडवायला शिशाचे ठोकळे कुठे ठेवायचे, हे सगळं त्यांनी मला मुलाखतीसाठी तोंडपाठ करून घेतलं. मी अडखळले की म्हणत, "पाठ म्हणू नकोस गं. पेशंट डोळ्यांपुढे आण आणि बोल."

एके दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर हॉस्पिटलचं शिफारसपत्र होतं, टाइप केलेलं, माझ्या नावाचं.

"बाईंना तीन वर्षं सोडलं तर मशिन कोण चालवणार?" ते म्हणाले. "तू लहान आहेस, इंग्रजी स्वच्छ आहे, मुलाखतीत शोभशील. आत्ताच कोणाला बोलू नकोस. मी सांगेन त्यांना."

बाईंना दिलेल्या शब्दाचं काय, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. थँक्यू सर म्हणाले.

घरी बाबांना सांगितलं. बाई कोण, मला कसं शिकवतात, तेही सांगितलं. बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "त्यांचं काय अडतंय? त्यांच्यासाठी वेगळ्या जागा असतात." त्या वेगळ्या जागेलाही पंचविशीची अट होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते ऐकून घेतलं, कारण ते सोयीचं होतं. आणि पुढचे दोन रविवार मी कळव्याला गेले. चटईवर बसले, शिकले, त्यांच्या हातची भाकरी खाल्ली.

समकक्षता प्रमाणपत्र आलं त्या दिवशी बाई ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट डॉक्टरांकडे गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या. टेबलावर पेशंट वाट बघत होता. त्यांनी त्याला नीट निजवलं, ठोकळे लावले, दार ओढलं, टायमर लावला. त्या दिवशी माइक बंद होता. घंटी झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन रविवार आलीस तू."

मला प्रवेश मिळाला. मुलाखतीत विचारलेला प्रत्येक प्रश्न बाईंनी आधी विचारलेला होता.

तीन वर्षांनी मी परत आले ती टेक्नॉलॉजिस्ट म्हणून. नियम आता पुरता लागू झाला होता. डॉक्टरांनी बाईंकडून मशिनची किल्ली घेतली, माझ्यासमोर घेतली आणि माझ्या हातात दिली. बाई नोंदणीच्या टेबलावर बसू लागल्या. माझ्या जुन्या टेबलावर. त्या मला मॅडम म्हणू लागल्या. "मॅडम, सत्तावीस नंबरचा पेशंट आलाय." मी एकदा म्हटलं, "बाई, मला वृंदाच म्हणा ना." त्या म्हणाल्या, "नियम आहे, मॅडम," आणि पुढचा नंबर पुकारला. जुने पेशंट तपासणीला आले की आधी त्यांच्यापाशी थांबत. विचारत, आत का नाही तुम्ही? बाई सांगत, "मी नापास झाले." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी चटकन मशिनच्या खोलीत गेले. पुढे सवय झाली. अशा गोष्टींचीही होते.

एखादा अवघड पेशंट आला, खांदा वाकडा, मापं बसत नाहीत, की मी घामाघूम व्हायचे. बाई दाराशी येऊन उभ्या राहत. आत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेरून सांगत, "उशी काढा. डावा हात डोक्यावर घ्यायला सांगा." तेवढ्याने जमायचं. मी वळून आभार मानेपर्यंत त्या टेबलाशी गेलेल्या असत. राग होता त्यांना, आणि तो त्यांनी एक दिवसही लपवला नाही. पण पेशंटवर तो त्यांनी कधी काढला नाही.

अशी पाच वर्षं गेली. धाकट्या मुलीला नोकरी लागली, टिटवाळ्याला त्यांनी नव्या इमारतीत जागा घेतली आणि बाईंनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी वेफर्स, सामोसे, भिंतीवरचं घड्याळ भेट. डॉक्टर भाषणात म्हणाले, "गायकवाड बाई म्हणजे या विभागाचा कणा." सगळ्यांनी बाईंना बोलायचा आग्रह केला. त्या उठल्या, म्हणाल्या, "कण्याला पदवी लागत नाही, ते एक बरं," आणि खाली बसल्या. लोक हसले. डॉक्टरही हसले.

मी त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले. घड्याळाचं खोकं त्यांच्या काखेत होतं. "बाई," मी म्हटलं, "तेव्हा मी बोलायला हवं होतं. डॉक्टरांशीही, तुमच्याशीही."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. जाऊ दे, झालं गेलं, असं काहीतरी. रस्त्यापलीकडे बस येताना दिसली. त्यांनी खोकं दुसऱ्या काखेत घेतलं आणि कितीतरी वर्षांनी माझं नाव घेतलं.

"वृंदा, डॉक्टर मला सोडणार नव्हतेच. ते पत्र तुलाच मिळणार होतं. तू बोलली असतीस, तरी तुझं काही जाणार नव्हतं."

मग त्या रस्ता ओलांडून गेल्या.