रान शूबीचा खांदा

आमच्या चोंगछिंग शहराच्या कापड बाजारात रान शूबीला जो ओळखत नाही तो नवखा समजावा. बाजार वर, गाड्या खाली आणि मधे दोनशे सात पायऱ्या. या पायऱ्यांवरून कपड्यांचे गठ्ठे वाहणारे हमाल पूर्वी शेकड्यांनी होते. आता साठ-सत्तर उरलेत, त्यांत बायका सहा आणि त्या सहांत सगळ्यात तोंडाळ ही. वय एकोणसाठ, उंची माझ्या खांद्याइतकी. डोंगरातल्या गावातून आली तेव्हा हातात एक बांबू आणि दोन दोर होते. त्याला सव्वीस वर्षं झाली. बांबूच्या दोन टोकांना दोन गठ्ठे बांधून ती कावड उचलते आणि "मागं डोळे नाहीत मला, सरका!" असं ओरडत निघते. माझं नूडल्सचं दुकान पायऱ्यांच्या मधल्या वळणावर आहे. त्यामुळे ऐकीव असं मी काही सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात ती माझ्या दुकानासमोर पहिल्यांदा कोसळली. गठ्ठे एकीकडे, बाई एकीकडे. मी धावेपर्यंत ती उठून बसलीसुद्धा.

"काय बघताय? ऊन लागलं," म्हणाली.

ऊन लागलं की आमच्याकडे एक कडूजहर काढा पाजतात. तो मी तिच्या नरड्यात ओतला. ही खेप धरून दोन वर्षांत ती चार वेळा पडली आणि चारही वेळा आम्ही काढाच पाजला. शेवटच्या खेपेला तर मार्गशीर्षातली थंडी होती, लोकांनी अंगात दोन-दोन कोट घातले होते आणि आम्ही शहाणे तिला ऊन लागल्याचं औषध देत होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

दवाखान्यात ती तीनदा गेली. तिथं तिला पलंगावर झोपवायचे, छातीला तारा लावायचे, कागद निघायचा आणि कागद म्हणायचा, सगळं ठीक. झोपलेल्या बाईचं सगळं ठीकच असणार. पण तो कागद हाती आला आणि हमालांचा मुकादम तान याला जोर चढला.

"रानबाई, नाटकं पुरे. जड गठ्ठा आला की बरी तुम्हाला चक्कर येते!"

"जड गठ्ठा? तुझं पोट उचलून वर नेऊ का, म्हणजे कळेल जड कशाला म्हणतात."

लोक हसले. तान हसला नाही. हमालांना नंबर लिहिलेलं पिवळं जॅकेट तोच देतो आणि तोच काढून घेतो. जॅकेटशिवाय पायऱ्यांवर गठ्ठ्याला हात लावता येत नाही.

चौथ्यांदा पडल्यावर मात्र मी तिला मोठ्या इस्पितळात ओढून नेलं. तिथं डॉक्टर श्यांग भेटली. पोरगेली बाई, पण ऐकून घेणारी. तिनं छातीच्या डाव्या बाजूला एक पातळ चिकटपट्टी लावली. दोन बोटांएवढी, तार नाही, काही नाही.

"ही चौदा दिवस काढायची नाही. प्रत्येक ठोका हिच्यात लिहिला जाईल. मावशी, तुम्ही रोजच्यासारखं राहा. फक्त पायऱ्यांवर एकटीनं जाऊ नका, आणि गरगरलं तर बसा आणि हे बटण दाबा."

आता आमच्या हमालांची एक रीत सांगायला हवी. दर वर्षी जॅकेटासाठी त्यांची तपासणी होते. तपासणीच्या आधी चार दिवस कुणी ओझं उचलत नाही. घरी बसून डुकराच्या हाडांचं आणि कमळकाकडीचं सूप प्यायचं, पाय वर करून झोपायचं आणि मग जायचं, म्हणजे कागद स्वच्छ येतो. सगळे हेच करतात आणि एकमेकांना हेच शिकवतात.

नवव्या दिवशी तिच्या खोलीवर गेले तर बाई खुर्चीत ताठ बसलेली. शेगडीवर सूप.

"आठ दिवस झाले, जिना उतरले नाही," मोठ्या अभिमानानं सांगितलं तिनं. "यंत्राला एक खोट काढता यायची नाही."

मी कपाळावर हात मारला. "ताई, अगं तू कुणाला फसवतेस? ते यंत्र तुझी खोट शोधायलाच लावलंय ना! इथं बसून काय सापडणार त्याला, सूप?"

तिनं उठून सुपाखालची शेगडी विझवली. मग म्हणाली, "म्हणजे वाईट दिसायचंय?"

"जशी आहेस तशी दिसायचंय."

दुसऱ्या दिवशी नूडल्सचं पातेलं नवऱ्यावर सोपवून मी तिच्याबरोबर पायऱ्या चढायला लागले. बाराव्या दिवशी दुपारी, वरून सत्तरेक पायऱ्या खाली, तिचं बोलणं मधेच तुटलं. मी तिला कमरेतून धरलं, गठ्ठे गेले घरंगळत, आणि मीच ते बटण दाबलं. तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. मला तेव्हा खरोखर वाटलं, गेली.

डॉक्टर श्यांगनं नंतर आम्हाला कागद दाखवला. टेकड्या, टेकड्या, आणि मग सरळ रेघ.

"इथं सात सेकंद हृदय थांबलंय, मावशी. हृदयाच्या वरच्या भागातून निघालेला ठोक्याचा निरोप खाली पोचतच नाही. मधेच अडतो. आणि नेहमी अडत नाही, म्हणून आधीच्या कागदांवर हे दिसलं नाही."

"सात सेकंदांत मी सात पायऱ्या उतरते," रान म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

मग मोठे डॉक्टर आले. पेसमेकर बसवायचा, म्हणाले. गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत छोटी डबी, तिथून हृदयात तार. "आणि बांबूला आता रामराम. दाब बसून डबी हलेल, तार तुटेल. घरी बसा, नातवंडं खेळवा."

रान उठली. ब्लाउजची दोन बटणं सोडून तिनं दोन्ही खांदे उघडे केले. मानेच्या दोन्ही अंगांना मुठीएवढे घट्टे, काळेभोर.

"इथं बसवणार तुमची डबी? या जागेवर सव्वीस वर्षं बांबू बसलाय. डावा दुखला की उजवा, उजवा दुखला की डावा. तिसरा खांदा असेल तर सांगा! नसेल तर राहू द्या तुमची डबी. पडायचीच असेन तर पायऱ्यांवर पडेन."

"बाई, मराल!"

"खुर्चीत बसून आठ दिवस मरून बघितलंय मी. नको."

मोठे डॉक्टर लाल झाले. तेव्हा श्यांग हळूच म्हणाली, "सर, यांना बिनतारेचा पेसमेकर चालेल. यांचं हृदय कधीतरीच थांबतं."

तो आम्हाला तिनं टेबलावर काढून दाखवला. औषधाच्या कॅप्सूलएवढा. जांघेतल्या शिरेतून नळीनं आत न्यायचा आणि थेट हृदयात अडकवायचा. खांद्यावर डबी नाही, तार नाही, छातीवर टाका नाही. हृदय थांबलं की तो आतून ठोका देणार. पण एकदा बसला की पुढे काढणं अवघड. दहा-बारा वर्षांनी त्याचा जोर संपला की बहुधा शेजारी दुसरा बसवावा लागतो. नळी नेताना हृदयाला इजा होण्याचा धोकाही असतो. तिनं काही लपवलं नाही.

"हा बांबूच्या वाटेत येतो का?" रानचा एकच प्रश्न.

"नाही."

"मग घाला."

तासाभरात घातला. खर्चाचा मोठा भाग विम्यानं उचलला, उरलेला हिनं. उचलण्याच्या बाबतीत ती कुणाचं ऐकणार आहे? महिनाभर वजन नको म्हणाले, तर महिनाभर तिनं कोथिंबिरीची जुडीसुद्धा मला उचलायला लावली. एकतिसाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. यंत्रानं त्या महिन्यात सहा वेळा तिला हात दिला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

"ओझं उचललं तर चालेल, पण बेतानं," ते म्हणाले.

"बेतानं म्हणजे किती किलो? नीट लिहा."

"किती उचलता?"

"सत्तर."

त्यांनी चाळीस लिहिलं, खाली सही केली आणि, खोटं कशाला सांगू, थोडे हसले.

तो कागद घेऊन ती तानकडे गेली. ताननं कागद वाचलाच नाही. "हृदयाची पेशंट माझ्या पायऱ्यांवर नको. उद्या मेलीस तर उत्तर कोण देणार? जॅकेट दुसऱ्याला दिलं मी."

भोवती हमाल जमले. मी दुकानातून झारा हातात घेऊनच धावले. रान ओरडली नाही. तिला ओरडताना मी हजारदा ऐकलंय, पण त्या दिवशी ती ज्या आवाजात बोलली तो मी कधी ऐकला नव्हता.

"दोन वर्षं माझं हृदय तुझ्या पायऱ्यांवर थांबत होतं, तान. तेव्हा तू म्हणालास, नाटक करते, उचल. तेव्हा मेले असते तर कोण उत्तर देणार होतं? आता ते थांबत नाही. हा कागद आहे. आणि आता म्हणतोस, घरी बस. तुला माझ्या जिवाची काळजी नाही, तुला तुझ्या उत्तराची काळजी आहे."

मागून म्हातारा हमाल लुओ पुढे आला. त्यानं स्वतःचं जॅकेट काढलं आणि तानच्या टेबलावर ठेवलं. पाठोपाठ बायकांपैकी दोघींनी, मग आणखी काहींनी ठेवलं. टेबल पिवळं झालं. खाली गठ्ठ्यांसाठी अडलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. ताननं दोन मिनिटं त्या ढिगाकडे बघितलं, मग कपाट उघडून एक कोरं जॅकेट काढलं आणि तिच्याकडे न बघता पुढे सरकवलं.

त्या दिवशी तिनं दर खेपेला चाळीसच किलो बांधलं, एक पायमोजाही जास्त नाही. नऊ खेपा केल्या. दहाव्या खेपेआधी ती माझ्या बाकावर टेकली. नूडल्सवर वाटाणे घालायचे सोडून मी तिच्या छातीकडे बघत राहिले.

"काय बघतेस तिकडं?" ती खेकसली. "पाय दुखतायत म्हणून बसलेय. मला पाय दुखायचा हक्क नाही का? आण नूडल्स, आणि तिखट बेतानं घालशील तर याद राख!"