वधूपिता हजर होते

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चांदीचं दुकान असलेल्या गृहस्थांच्या धाकट्या मुलीचं लग्न काठमांडूतल्या एका गेस्ट हाउसच्या अंगणात, डिसेंबरातल्या एका सकाळी लागलं. साल दोन हजारच्या दशकाच्या अखेरीचं. अक्षता पडल्या तेव्हा वधूपिता हजर होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य गेल्यामुळं बातमीतलं मुख्य वाक्य कुठलं हे मला ओळखता येतं. या बातमीत ते तिसरं आहे. कारण कोल्हापूरच्या राजारामपुरीतली निम्मी लग्नं पार पाडून त्यातलं एकही न पाहिलेला दुसरा माणूस सापडणार नाही.

ते मूळचे हुपरीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या पैंजण घडवायचा धंदा. राजारामपुरीत दुकान काढलं ते त्यांनी, पण चालवलं ते वहिनींनी. हे लोकांची लग्नं चालवायचे. कुणाच्या घरी लग्न ठरल्याची कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी त्यांची लूना दारात उभी. मागच्या कॅरिअरला स्वतःचा झारा दोरीनं बांधलेला. यजमानांनी बोलावलंय की नाही, हा प्रश्न त्यांना पडत नसे. कणीक कुणी मळायची, तेल कधी तापवायचं, वाढप्यांनी कुठल्या बाजूनं शिरायचं, सगळं ते ठरवत आणि बदल्यात पानसुपारीसुद्धा घेत नसत. केटररचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "ठेका देऊन केलेलं लग्न म्हंजी भाड्यानं आणलेला नवरदेव," असं ते केटररसमोरच म्हणत. त्यांचा एक नियम होता. माइकवर पहिलं मंगलाष्टक ऐकू आलं की पुरीचा पहिला घाणा तेलात गेला पाहिजे. त्यामुळं मांडवात सगळे अक्षता मुठीत घेऊन उभे राहत तेव्हा हे मागं धुरात कढईवर वाकलेले असत. मंगलाष्टक त्यांच्या लेखी गिरणीच्या भोंग्यासारखं होतं. ते वाजलं की पाळी सुरू.

थोरल्या मुलीच्या लग्नातही हेच झालं. अक्षतांच्या वेळी व्याह्यांनी मुलीच्या वडिलांची चौकशी केली, तेव्हा लग्न लावणाऱ्या स्वामींनी श्लोक न थांबवता भटारखान्याकडं बोट केलं. त्या लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. वडील एकाच फोटोत आहेत, तेही कोपरापर्यंतच. पुढं झारा दिसतो.

धाकटी तेव्हा शाळेत होती. पुढं ती इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि निपाणीच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं. त्या संध्याकाळी पेढे द्यायला म्हणून तिनं मला खाली बोलावलं होतं. पेढा तोंडात असतानाच तिनं वडिलांना अट घातली.

"माझ्या अक्षतांना तुम्ही समोर पायजे. न्हाईतर मी हार घालायची न्हाई, सांगून ठेवते."

"समोरच असतो की गं. चार पावलांवर तर असतंय भटारखाना."

"म्हणूनच. जिथं तुम्हाला भटारखान्याची वाट ठाऊक न्हाई, तिथंच लग्न."

"अशी जागा हाय कुठं?" त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

शोध सुरू झाला. कोल्हापूर बाद होतंच. सांगली, बेळगाव, इचलकरंजी इथले आचारी त्यांना नावानं हाक मारत. पुण्यात मावसभावाचंच कार्यालय होतं. मलकापूरवरून घाट उतरून रत्नागिरीला जावं, तर तिथंही एक आचारी यांच्याकडूनच झारा धरायला शिकलेला निघाला. "मग परदेशात करूया!" मुलगी वैतागून म्हणाली. वैतागून बोललेलं त्यांना कळत नसे. त्यांनी ते मनावर घेतलं.

आधी सिंगापूरचा विचार झाला. पण वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांकडं जन्माचा दाखला नव्हता, पासपोर्ट तर दूरच. "जिथं मतदानाचं कार्ड चालतंय, त्यो परदेश आपला," असं म्हणून त्यांनी नेपाळ नक्की केला. शिवाय तिथं पशुपतिनाथ, म्हणजे देवही घरचाच. एका प्रवासी कंपनीचा माणूस दुकानात आला, त्याला चहा पाजून त्यांनी परत पाठवला. आपल्या हातानं जमवायचं. एका यात्रेकरूकडून गेस्ट हाउसचा नंबर मिळवून ते कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर गेले. परदेश लांब असल्यामुळं ते मोठ्यानं बोलत. "आंगन कितना हाय? पाऊल टाकके बताओ की!" हा संवाद चौकापर्यंत ऐकू गेला. पलीकडच्या बिचाऱ्या मालकानं खरोखर पावलं टाकून अंगण मोजलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी यांनी दुकानासमोरच्या रस्त्यावर खडूनं तेवढंच अंगण आखलं. पूर्वेला बोहलं, पश्चिमेला पंगत, मध्ये तुळशीकट्टा. शेजाऱ्यांना धरून आणून त्यात उभं केलं. मी व्याही होतो. पलीकडचे दंतवैद्य नवरदेव होते आणि त्यांचा पेशंट तोंड उघडं ठेवून आत वाट पाहत होता. एक बुलेटवाला त्या आखणीतून गेला, तेव्हा यांनी हात आडवा केला.

"पावणं, मागं घ्या. काठमांडूत घुसलायसा तुम्ही."

बुलेटवाल्यानं गाडी मागं घेतली. कोल्हापुरात एवढ्या आत्मविश्वासानं सांगितलेलं कुणी तपासत नाही.

मुलीनं स्टेशनवर त्यांची बॅग उघडून झारा काढून घेतला. कांदा-लसूण चटणीचा डबा मात्र राहू दिला. दोन गाड्या बदलून आम्ही गोरखपूरला पोचलो, तिथून बसनं सोनौलीची सीमा. हुपरीचे स्वामी खिडकीशी बसून डोळे मिटून होते. ते ध्यान नव्हतं, बस लागली होती. या सगळ्या प्रवासात वधूपित्यांनी एकच चूक केली, पण ती सलग केली. भेटेल त्याला त्यांनी लग्नाचं आमंत्रण दिलं. लग्नाला निघालेला माणूस समोरच्याला 'या' म्हणाला नाही, तर तो घरात भांडून निघालाय असं लोकांना वाटतं, असं त्यांचं म्हणणं. गोरखपूरचा चहावाला सुटला, कारण तो हाकेच्या पलीकडं होता. सीमेवरच्या तपासणी अधिकाऱ्यानं चटणीचा डबा उघडला, वास घेतला आणि डोळे पुसत पुसत शिंकला. यांनी त्याला कागदात चटणी बांधून दिली. "साहेब, शादी को आनेका. बालबच्च्यासकट!" काठमांडूत पोचल्यावर सायकलरिक्षावाले, फुलं विकणाऱ्या बायका, गल्लीतला किराणावाला, पशुपतिनाथाच्या आवारात निपाणीच्या पाव्हण्यांचं कन्नड ऐकून थांबलेलं धारवाडचं एक म्हातारं जोडपं, पाठीवर बोचकी घेतलेले दोन गोरे, कुणीही सुटलं नाही.

"अवो, येणाराय का एवढ्या लांब कोण?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणायचं असतंय. येतंय कोण!"

सगळे आले. सीमेवरचा अधिकारी रात्रभर प्रवास करून, बायको आणि तीन मुलांना घेऊन आला. मंगलाष्टकांच्या आधी अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. गेस्ट हाउसचा नेपाळी आचारी भटारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं गर्दीकडं पाहिलं, मग वधूपित्याकडं पाहिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. जेवण पुरणार नव्हतं.

स्वामींनी अंतरपाट धरायला सांगितला. एक टोक मुलीच्या मामांनी धरलं, दुसरं नवरदेवाच्या भावानं. वधूपित्यांनी बाह्या सारल्या आणि ते गर्दीच्या कडेनं हळूच निघाले.

"अप्पा!" अंतरपाटाआडून आवाज आला. "कुठं निघालासा?"

"आलोच की. कणीक भिजवाय सांगतो नुसतं."

"ताईच्या टायमालाबी 'आलोच' म्हणालतासा."

व्याह्यांनी जमिनीकडं पाहिलं. यांचा एक पाय भटारखान्याच्या दिशेनं तसाच राहिला.

"पावणी उपाशी जातील गं," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

मुलीनं हातातला हार नीट केला, मग म्हणाली, "मामा, तुमच्या हातातलं टोक अप्पांकडं द्या."

मामांनी ते दिलं. थोरली मुलगी पदर खोचत भटारखान्यात गेली. जाताना एवढंच म्हणाली, "भात टाकते. तुम्ही हलू नका."

आता त्यांचे दोन्ही हात अडकले होते. पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. दुसरं संपताच त्यांनी टोक खाली घ्यायला सुरुवात केली, स्वामींनी डोळ्यांनीच ते वर करायला लावलं. मी शेजारी उभा होतो. चौथ्याला ते माझ्या कानाशी वाकले.

"अजून हायत व्हय?"

"आहेत."

"परत्येक लग्नात एवढी असत्यात?"

"प्रत्येक."

"मला तेलाच्या आवाजात दोनच ऐकू यायची," ते म्हणाले. उरलेली मंगलाष्टकं त्यांनी कापडाकडं बघत ऐकली. अंतरपाट दूर झाला तेव्हा त्यांच्या मुठीतलं टोक सुटेना, ते स्वामींनी सोडवून घेतलं. टाकायला त्यांच्याजवळ अक्षता नव्हत्या. सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या बायकोनं आपल्या मुठीतल्या अर्ध्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या टाकल्या. मुलीनं हार घातला.

पहिली पंगत बरीच उशिरा बसली. पुऱ्या संपल्या, मग भात, वरण आणि चटणी यांवर भागलं. उपाशी कुणी गेलं नाही. अधिकाऱ्यानं चटणी पुन्हा मागितली. वधूपिता व्याह्यांच्या शेजारी पहिल्या पंगतीला बसले, कारण मुलीनं तसं बसवलं. पानातली पुरी गार होती. त्यांनी ती खाल्ली आणि आचाऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि जावई पोखऱ्याला निघाली. टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा वऱ्हाडाचं सामान बसवर चढवून झालं होतं आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. वधूपिता गेस्ट हाउसच्या पायरीवर, बोहल्याच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले होते. वहिनींनी दोनदा हाक मारली. ते उठून बसमध्ये आले तेव्हा ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत पोचलं होतं.