पेटीशेजारची सीट

१९ फेब्रुवारी १९९४ रोजी दिलशादने लामजन्याहून लातूरच्या एसटीला दहा रुपये पन्नास पैसे दिले. मांडीवरच्या आठ महिन्यांच्या नबीलला तिकीट लागत नव्हतं. औसा यायच्या आतच त्याचं अंग गार पडलं.

त्याच सकाळी, ती एसटीत बसायच्या आधी, भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडसमोर डॉ. अमरनाथ यांची जीप उभी होती. लहान मुलांच्या हगवणीवर ते संशोधन करत. नबीलच्या हगवणीचा नमुना त्यांनी बर्फाच्या पेटीत घातला आणि पेटी मागच्या सीटवर ठेवली.

"साब, आम्हाला बी लातूरला न्या," दिलशाद म्हणाली.

"पेशंटला गाडीत घेता येत नाही, बाई. नियम आहे."

पेटीशेजारची सीट रिकामीच घेऊन जीप लातूरला गेली.

दिलशादने डूख धरला. पुढे ती लातूरला आली आणि क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. डॉक्टर व्हायला निघालेली ती पोरं. भाजी वाढताना ती म्हणायची, "खा रे. फक्त पेशंटला गाडीत घेत जा." पोरं हसायची.

२००८ साली डॉ. अमरनाथ त्याच गल्लीत आले. आता मुलांच्या टायफॉइडचा अभ्यास होता. तापलेल्या प्रत्येक लेकराचं रक्त हवं होतं, आणि गल्लीतल्या बाया दिलशादला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत. डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही. ती गोड हसून हो म्हणाली. मग अभ्यासाची पाहणी करायला दिल्लीचे तपासनीस आले त्या दिवशी गल्लीतलं एकही दार उघडलं नाही.

डॉक्टर धावत मेसमध्ये आले. "बायांना सांगा ना. माझं काम बंद पडेल."

"पडू द्या. लामजन्याच्या शेडमधला नबील आठवतो का?"

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "त्याचा नंबर काय होता?"

"अय्यो, लेकराला नंबर?" शेजारची गंगम्मा म्हणाली. तिच्या खांद्यावर तापाने मलूल झालेली नात होती.

डॉक्टरांचं वाटोळं बघायचं, एवढंच दिलशादने ठरवलं होतं. पण नातीकडे बघून तिला त्याहून कडक शिक्षा सुचली.

"हिला दवाखान्यात न्या. तुमच्या गाडीत."

"ऑटो बोलावतो."

"ऑटो दिल्लीच्या साहेब लोकांना करा. तुमची बर्फाची पेटी मांडीवर घ्या. दर तापलेल्या लेकराला असंच न्यायचं, स्वतः बसून. तर दारं उघडतील."

गंगम्मा नातीला घेऊन मागे बसली, डॉक्टर पेटी घेऊन पुढे. पेटीतलं बर्फाचं पाणी त्यांच्या पॅन्टवर गळत होतं आणि सगळी गल्ली बघत होती. गाडी वळेपर्यंत दिलशाद दारातून हलली नाही.

नात वाचली. अभ्यास दोन वर्षं चालला आणि दोन वर्षं पेटी डॉक्टरांच्या मांडीवर राहिली. शेवटच्या दिवशी मेसमध्ये येऊन त्यांनी हात जोडले.

"आता तरी माफ करा."

"न्हाई," दिलशाद म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्या दिवशी घेतलेल्या दोन चहांचे सहा रुपये डॉक्टरांकडून अजून यायचे आहेत.