सूर्य दोन तास वर

दिवस उगवला की अदेय अब्रेहेत खिडकी उघडायची आणि माझं पांघरूण ओढून म्हणायची, "बारा वाजले, ऊठ."

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सहा असायचे. आमच्या गावी, एरिट्रियाच्या डोंगरात, दिवसाची मोजणी सूर्यापासून सुरू होते. तो उगवून तास झाला की एक, मग दोन. कैरोत सात वर्षं काढूनही तिची मोजणी बदलली नव्हती. अदेय म्हणजे आई. गल्लीत सगळेच तिला तसं म्हणत. माझं तिच्याशी नातं एवढंच, की आमची खोली एक आणि चूल एक.

निर्वासित म्हणून मान्यता मागणारा तिचा अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं. बंदी असलेल्या पंथाची प्रार्थना तिच्या घरी व्हायची, म्हणून शिपाई तिला धरून घेऊन गेले होते. परत पाठवलं तर पुन्हा तीच कोठडी. पत्रात लिहिलं होतं, अर्जदार म्हणते पहाटेची प्रार्थना नुकतीच संपली होती, आणि म्हणते शिपाई दुपारी दोनला आले. सांगण्यात मेळ नाही, म्हणून विश्वास ठेवता येत नाही.

"दुपारी?" अदेय म्हणाली. "दुपारी मी त्यांच्या गाडीत होते."

"तू दोन म्हणालीस ना?"

"दोनच वाजले होते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या मुलाखतीतला दुभाष्या सुदानात जन्मलेला. भाषा आमची, घड्याळ तिकडचं; तिचे सकाळचे दोन त्याने दुपारचे करून सांगितले. शेवटी जबाब वाचून दाखवतात, तेव्हा त्याने 'दोन' वाचलं आणि हिने मान डोलावली.

अपिलाची मुलाखत मिळाली. महिनाभर मी तिची तयारी करून घेतली. ती ताइत्याचं आंबवलेलं पीठ तव्यावर गोल ओतायची आणि मी समोर बसून अधिकारी व्हायचे.

"शिपाई किती वाजता आले?"

"दोन."

"अदेय, आठ म्हण."

"आठ वाजता भीती वाटली असं कसं सांगू? मला दोन वाजता वाटली होती."

"मग तुझी मोजणी तरी समजावून सांग."

"मुलाखत घेणारी एवढी शिकलेली बाई असेल. सूर्य कधी उगवतो हे तिला मी सांगायचं?" तिने गरम ताइता माझ्या पुढ्यात टाकला. "खा, साहेब. रिकाम्या पोटी फार चौकशी करतेस."

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत चार तास गेले. आधी सगळं एका दमात सांगू देतात, मग तेच पुन्हा बारकाईने विचारतात: दरवाजा कुठल्या बाजूला, कोण कुठे बसलं होतं. आणि जिथे मेळ बसत नाही तिथे बोट ठेवून म्हणतात, याचं काय?

ती घामेजून बाहेर आली.

"विचारलं?"

"विचारलं. मी म्हटलं, बाई, सूर्य दोन तास वर आला होता. कॉफीची दुसरी फेरी चालली होती. तिसरी, शेवटची, राहिलीच."

"मग?"

"मग तिने पेन खाली ठेवलं. दुभाष्याला म्हणाली, यांच्याकडे तास कुठून मोजतात ते विचारा. मी म्हटलं, इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही." पदराने मान पुसत ती म्हणाली, "चांगली आहे गं पोरगी. हडकुळी आहे फार."

पाच महिन्यांनी मान्यता आली. त्या सकाळी अदेयने कॉफीच्या तिन्ही फेऱ्या केल्या आणि तिसरीचा कप हातात धरून बराच वेळ बसून राहिली. पुढे दोन वर्षांनी तिला थंडीच्या एका देशात कायमचं राहायला जागा मिळाली, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवायलाच उशीर करतो. मला त्याचीच काळजी वाटत होती.

जिन्याखाली टॅक्सी उभी होती. दोन पायऱ्या उतरून ती मागे वळली.

"कॉफीचं भांडं पालथं घालून ठेव, धूळ बसते. आणि रविवारी फोन कर, तीन वाजता."