मंगलचं बुडवलेलं वर्ष

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेवगावच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. तिच्या धाकट्या भावाचा आवाज होता. "ताई, आक्का गेली," एवढंच म्हणाला. आजार कळल्यापासून हा फोन येणार हे ठाऊक होतं. तरी खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी एक माणूस आठवला, आमच्या कॉलेजचे त्या वेळचे उपप्राचार्य, आणि अंगातून संताप उसळला... तो माणूस अजून धडधाकट आहे आणि मंगल नाही, हे काही केल्या मला पचेना.

आम्ही दोघी संगमनेरला बी.एस्सी.ला एकत्र होतो. मी खोली घेऊन राहायचे. मंगलची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती रोज राजूरहून ये-जा करायची. राजूरकडच्या खेड्यांतलं दूध संगमनेरला पोचेपर्यंत का नासतं, हे कोडं तिला लहानपणापासून पडलेलं. त्यामुळे तिचं सगळं ठरलेलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं, जोडीला रसायनशास्त्र सोडायचं नाही, आणि पदवी झाली की डेअरीच्या प्रयोगशाळेत लागायचं. आम्ही बाकीच्या जणी मैत्रिणी जिकडे गेल्या तिकडे गेलो. तिनं मात्र आधी नोकरी ठरवली आणि तिथून मागे येत विषय निवडले.

दुसऱ्या वर्षी तिचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातच्या बॅचला आलं. पहिली एस.टी. त्यानंतर पोचायची. वेळापत्रक उपप्राचार्य करायचे. मंगल त्यांच्याकडे गेली, दुपारची बॅच मागितली. मी दाराशी उभी होते. ते मान वर न करता म्हणाले, "बॅच बदलता येत नाही. आणि तुला हवंय कशाला हे सायन्स? तुम्हाला सवलती आहेत, बी.ए. कर, कुठंतरी चिकटशील." ‘तुम्हाला’ म्हणजे कुणाला, हे आम्हा दोघींनाही कळलं. तिच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तिनं अभ्यास केला होता. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मधे बसून यायला लागली. टेम्पो गावोगाव थांबायचा. कधी वेळेत पोचायची, कधी पंधरा मिनिटं उशीर. उशीर झाला की गैरहजेरी लागायची. आणि त्याच महिन्यात संस्थेच्या एका संचालकांच्या मुलीला सकाळी उठवत नाही म्हणून दुपारची बॅच मिळाली! वर्षाअखेरीला हजेरी कमी भरली म्हणून मंगलला प्रॅक्टिकल परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष गेलं. डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा निघाल्या तेव्हा तिची पदवी अपुरी होती, आणि ती पुरी झाली तेव्हा जागा भरलेल्या होत्या. कॉलेजच्या फाटकात उभी राहून ती मला म्हणाली, "मी हितंच येनार हाय परत. वेळापत्रक करायला."

मला वाटलं, रागात बोलतेय. पण एम.एस्सी., पुढच्या परीक्षा, दोन कॉलेजांतली तात्पुरती नोकरी... सगळं करून ती खरंच त्याच कॉलेजात प्राध्यापक म्हणून आली. काही वर्षांनी नव्या प्राचार्यांनी वेळापत्रकाचं काम तिच्याकडे दिलं. ते उपप्राचार्य आता पदावर नव्हते, नुसते शिकवायचे; सरांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मंगलनं पहिलं काम केलं ते सगळी प्रॅक्टिकल दहानंतर नेण्याचं. आणि दुसरं, सरांचा पहिला तास साडेसातला ठेवला, शेवटचा साडेचारला. मधला सगळा दिवस रिकामा. सर आले. "मंगल, जरा बघ ना, या वयात झेपत नाही." ती म्हणाली, "सर, बॅच बदलता येत नाही." मग रोज सकाळी साडेसातला हजेरीपुस्तकाजवळ जाऊन उभी राहायची. सर धापा टाकत जिना चढायचे, आणि ती घड्याळाकडे बघायची. ते निवृत्त होईपर्यंत हे चाललं.

"बास कर गं आता," मी एकदा म्हटलं. ती हसली. "माझं वर्ष परत देत्याल का ते? मग मी बी सोडनार न्हाई." तिला त्यात आनंद होता, आणि तो तिनं लपवला नाही. मीही लपवत नाही.

शेवटच्या दिवसांत सर दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले. मंगलनं त्यांना पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली. ते गेले तशी मला म्हणाली, "फळं उचल आदी."

आणि तेच सर शोकसभेत बोलायला उभे राहिले. "माझी लाडकी विद्यार्थिनी. मीच घडवलं तिला..." समोर मुली बसल्या होत्या, डोळे पुसत होत्या. मी उठले. माईक मागितला नाही. म्हटलं, "सर, तुम्ही तिचं वर्ष बुडवलंत. तिची डेअरीतली नोकरी घालवलीत. हे सांगा आधी, मग लाडकी म्हणा." टेम्पो, बॅच, ‘तुम्हाला सवलती आहेत’, सगळं सांगितलं. ते पाण्याचा पेला शोधत खाली बसले. नंतर कुणीतरी मला म्हणालं, अशा प्रसंगी हे बरं दिसत नाही. त्यांचं बोलणं बरं दिसत होतं का?

परवा तिच्या भावाबरोबर तिची कॉलेजातली खोली आवरायला गेले. प्रवेशाच्या दिवसांत ती इथंच बसायची. आलेल्या प्रत्येक मुलीला विचारायची, "तुला व्हायचंय काय? आनि गाव कोनतं?" मग तीन वर्षांचे विषय शेवटाकडून सुरुवातीकडे लावून द्यायची. गणित आत्ता सोडलंस तर पुढं हे दार बंद होईल, रसायनशास्त्र ठेव, ती अमकी परीक्षा याच वर्षी दे... मुलीची खुर्ची ती टेबलासमोर कधी ठेवायची नाही, आपल्या शेजारी ठेवायची. दोघींना एकच कागद सुलट दिसावा म्हणून.

ती खुर्ची आता कुणीतरी समोर नेऊन ठेवली होती. मी ओढून पुन्हा शेजारी लावली. तिच्या जागी आलेले नवे प्रभारी दारात आले, म्हणाले, "मॅडम, विद्यार्थी समोर बसतात."

"या खोलीत नाही," मी म्हटलं. "आणि कुणी हलवली, तर मी शेवगावहून परत येईन."