अकरा ठिकाणं आणि एक बाकडं

हावड्याला गाडी तीन तास उशिरा पोचली. स्टेशनबाहेर आले तर समोर हुगळी आणि तो अवाढव्य पूल. अकोल्याहून एवढ्या लांब मी पहिल्यांदाच आले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली, आणि स्पॅनिश बोलणारी तर अख्ख्या गल्लीत एकटी. इथल्या एका पर्यटन कंपनीने मला चाचणीसाठी बोलावलं होतं. स्पेनहून आलेल्या एका बाईंना दोन दिवस शहर दाखवायचं. त्या खूश झाल्या तर नोकरी पक्की.

मुक्काम बराकपूरला, बँकेच्या बदलीवर आलेल्या ओळखीच्या साने काकांकडे. सकाळी काकूंनी गरम लुची (मैद्याची पुरी) वाढली आणि म्हणाल्या, "पाहुणीला काही कमी पडू देऊ नकोस गं. आपलं नाव राख."

शहराच्या मध्यावरच्या एस्प्लनेड चौकापासून सुरुवात केली. रस्ता दाखवायला कंपनीचे ड्रायव्हर बिशूदा, बोलायला मी. यादीत अकरा ठिकाणं, सगळी मीच हौसेने घातलेली. कार्मेनबाई सत्तरीच्या, डोक्यावर गवती टोपी.

"पुढे जायचं?" मी विचारायची.

"बाले," (बरं, चालेल) त्या म्हणायच्या. कधी "क्लारो" (अर्थातच), कधी "दे आकुएर्दो" (मान्य). होकाराच्या इतक्या तऱ्हा वर्गात ऐकल्या नव्हत्या. मी खुशीत वहीत टिपत होते.

सातवं ठिकाण कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. तोवर नव्या बुटांनी माझी टाच सोलून निघाली होती. बाई गवताच्या सांगाड्यावर चढणारी माती पाहत होत्या, पण एका हाताने भिंत धरून.

"पुढे जायचं?"

"बाले." आवाज अगदी बारीक.

बिशूदा हिंदीत पुटपुटले, "दीदी, आधी दोघींची तोंडं आरशात बघा."

पाहुण्यासमोर यजमानाने दमलो म्हणायचं नाही, ही आमच्या घरची रीत. शिवाय बाईंनी कंपनीला कळवलं, की पोरगी कच्ची आहे, तर नोकरी गेलीच. पण टाच काही ऐकेना.

"सेन्योरा, एस्तोय कान्सादा. नेसेसितो देस्कान्सार." (मी दमलेय. मला विश्रांती हवी.)

बाई चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर धपकन बसल्या. "एकदाची बोललीस! मी तिसऱ्या ठिकाणीच संपले होते."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतक्या हौसेने दाखवत होतीस. नाही कसं म्हणणार?"

म्हणजे सकाळपासून आम्ही दोघी एकमेकींच्या भिडेखातर चालत होतो! मातीच्या भांड्यातला चहा पिता पिता बाईंनी शिकवलं: "एस्तोय एचा पोल्वो" (माझा पार भुगा झालाय) आणि "नो पुएदो मास" (आता नाही होत). बिशूदाही मोठ्याने घोकू लागले. टपरीवरची माणसं वळून वळून बघत होती.

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन. "किती झाली?"

"सात."

"यादीत अकरा होती."

"सर, पाहुण्या दमल्या. मीही दमले. आज इथेच थांबतोय."

साहेबांनी फोन ठेवला. नोकरी गेली असं वाटलं, पण बाकड्यावरून उठले नाही. दुसऱ्या दिवशी तीनच ठिकाणं पाहिली, सावकाश.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "पुढच्या महिन्यात बाईंच्या सहा मैत्रिणी येतायत. त्यांना तूच हवीस. रुजू कधी होतेस?"

"सांगाल तेव्हा."

"मग यादी पुन्हा तूच कर. या वेळी जरा माणसांना झेपेल अशी."

परतीच्या गाडीत वही उघडली. शहर दाखवायच्या नादात मी सबंध दिवस पाहुणीकडे नीट बघितलंच नव्हतं, याची आता लाज वाटत होती. नागपूर येईपर्यंत पाच ठिकाणं लिहून झाली. मग प्रत्येकापुढे एक ओळ वाढवली: इथे बसायला कुठे आहे, बिशूदांना विचारणे.